नाकाचं टोक लख्ख, डोळे धुरकट

पट्टीताईच्या दुकानात एक फोटो अकरा वर्षं भिंतीकडे तोंड करून टांगलेला होता, वर्गात शिक्षा झालेल्या पोरासारखा. दुकान म्हणजे जिन्याखालची खोली. एक टेबल, भिंगाचा दिवा, स्क्रू ठेवायला औषधाच्या बाटल्यांची झाकणं, आणि ती स्टीलची पट्टी, जिच्यावरून सगळी गल्ली तिला पट्टीताई म्हणे. कॅमेरा आपोआप फोकस धरतो खरा, पण नेमका धरतो का? पट्टी तिरकी ठेवायची, मधल्या आकड्यावर कॅमेरा रोखायचा आणि फोटोत कुठला आकडा लख्ख येतो ते बघायचं. मधल्याऐवजी शेजारचा आकडा लख्ख आला तर कॅमेऱ्याची जुळवणी करायची. केसभर चूकही तिला खपत नसे.

अकरा वर्षांपूर्वी ती मोठ्या दुकानात हेच काम करायची. एका थोर नटीचा निरोपाचा प्रयोग होता. फोटो काढायला छायासम्राट. ही पदवी त्याने स्वतःच स्वतःला दिली होती, लोकांनी कंटाळून ती मान्य केली होती. कॅमेरा त्याने पट्टीताईकडून जुळवून नेला. प्रयोग असा रंगला की पडदा पडल्यावरही कोणी जागचं उठेना. आणि फोटो आले तर प्रत्येकात बाईंच्या नाकाचं टोक लख्ख, डोळे धुरकट. ज्या डोळ्यांनी तीन तास माणसं रडवली, ते वाफेत बुडाल्यासारखे. तो प्रयोग पुन्हा होणार नव्हता. छायासम्राटाने नाट्यगृहाच्या पायऱ्यांवर चारचौघांत तिच्याकडे बोट केलं. "हिच्या डोळ्यांवर पडदा आलाय. घरी बसवा हिला."

दुकानाच्या मालकाने बसवलं. नजरेवर पोट भरणाऱ्या बाईला असं म्हणणं म्हणजे गवयाला बहिरा म्हणणं. गिऱ्हाईक आधी तिच्या डोळ्यांत बघे, मग कॅमेरा पुढे करी.

तीन वर्षं ती एकाच प्रश्नामागे लागली. शेवटी उत्तर सापडलं. भिंगाची काच सगळे रंग एका जागी आणत नाही, तांबडा एकीकडे पडतो, निळा दुसरीकडे. पिवळ्या दिव्यात तांबडं जास्त, म्हणून कॅमेऱ्यातला फोकस धरणारा डोळा तिकडे ओढला जातो. तिने जुळवणी केली होती पांढऱ्या ट्यूबखाली, सगळे कारागीर करत तशीच. रंगमंचावर दिवे पिवळे. चूक झाली होती, पण नजरेची नव्हती. हे सांगायचं कोणाला? त्या प्रयोगाचा फोटो पहिल्या दिवसापासून भिंतीकडे तोंड करून टांगलेला होता, तो तसाच ठेवून ती वाट बघत बसली.

एका दुपारी छायासम्राट स्वतः दारात उभा. मोठं दुकान केव्हाच बंद झालेलं.

"ताई, ऐकलंय की तुम्हाला केसाची जाडीसुद्धा दिसते."

"कोणाच्या केसाची? तुमचे तर मोजायलाही उरले नाहीत."

तो खूश होऊन हसला. जन्मभर लोकांचे चेहरे टिपणाऱ्या त्या माणसाने तिचा चेहरा ओळखला नाही.

"शुक्रवारी नाट्यगृहात मोठा प्रयोग आहे, जुन्या पिवळ्या दिव्यांत. नीट करा हं. मागे एका बाईने घात केला होता माझा. जवळजवळ आंधळीच होती, काठी घेऊन यायची."

पट्टीताईने मान खाली घालून पावती फाडली.

वर राहणारी वहिनी ऐकून उडायचीच बाकी होती. "सावज पायांनी चालत आलंय. पांढऱ्या ट्यूबखाली लाव नि देऊन टाक. पट्टीवर तर बिनचूकच येईल, कोण काय बोलणार?"

पट्टीताईने तसंच केलं. कॅमेरा खोक्यात ठेवला. कितीतरी वर्षांनी जेवण गोड लागलं. हात धुताना मात्र ती थांबली.

"वहिनी, शुक्रवारी डोळे धुरकट आले की तो पायऱ्यांवर उभा राहून काय म्हणेल?"

"काय म्हणेल?"

"जे मागे म्हणाला तेच. आणि लोक म्हणतील, दोन्ही वेळा हीच बाई. म्हणजे सूड माझा आणि शब्द खरा त्याचा."

दुसऱ्या दिवशी तिने तिघांना बोलावलं: छायासम्राट, जुना मालक आणि नाट्यगृहाचा दिवेवाला. दिवेवाल्याने दोन पिवळे दिवे आणले. ट्यूब बंद झाली. छायासम्राटाला स्टुलावर बसवलं.

"आज पट्टीच्या जागी तुमचा चेहरा. पापणी हलवू नका."

"उकडतंय हो."

"नटांना रोज उकडतं."

पहिला फोटो आला. नाकावरचं छिद्र न् छिद्र मोजता यावं, डोळे धुरकट.

"कॅमेरा बिघडलाय."

"नाही." तिने कालचा ट्यूबखालचा फोटो पुढे केला. पट्टीवरचा मधला आकडा सुरीसारखा धारदार. मग ती कॅमेऱ्यातला जुळवणीचा आकडा एकेक घर मागे नेत गेली. सातव्या आकड्याला त्याच्या पापणीचा केस न् केस उमटला, डोळ्यांतल्या लाल शिरासुद्धा. तिने उठून भिंतीवरचा फोटो सरळ केला.

छायासम्राट फोटोकडे बघत राहिला, मग तिच्याकडे. "म्हणजे ती तुम्ही."

"मीच. काठी घरी विसरले."

"मला कुठे माहीत होतं हे उजेडाचं?"

"मलाही नव्हतं. पण मी पायऱ्यांवर उभी राहून तुम्हाला आंधळं म्हटलं नव्हतं."

जुना मालक चष्मा पुसत बसला, बराच वेळ.

कॅमेरा तिने सातव्या आकड्यावरच दिला. शुक्रवारचे फोटो अप्रतिम आले, छायासम्राटाची वाहवा झाली. सोमवारी दुकानाच्या काचेत तीन मोठे फोटो लागले. मधे नटीचा तो जुना फोटो, दोन्ही बाजूंना छायासम्राट: एकीकडे धुरकट डोळ्यांचा, दुसरीकडे लख्ख डोळ्यांचा. खाली पट्टीताईचं अक्षर: "दिवा तोच, माणूस तोच. आधी जुळवणी तपासा, मग बोट दाखवा." नाट्यगृहाचा रस्ता त्याच गल्लीतून जातो.

आठवड्याने दिवेवाला छायासम्राटाचा निरोप घेऊन आला. "काचेतले फोटो काढून टाका म्हणतायत. लोक त्यांच्या नाकाकडे बघून हसतात."

"काढीन की," पट्टीताई भिंगातून डोळा न काढता म्हणाली. "अकरा वर्षं होऊ देत."

बाहेर वहिनी ओल्या फडक्याने काच पुसत होती. नाकापाशी जरा जास्तच.