चालू मशीनवर आण्णांचा हात

इथले भुताखेतांचे अनुभव मी बरीच वर्षं वाचते, आणि खरं सांगायचं तर हसायला वाचते. कुणाला वडाखाली बाई दिसते, कुणाच्या मागून पैंजण वाजत येतात... मी त्याचे स्क्रीनशॉट मैत्रिणींना पाठवून टिंगल करणाऱ्यांतली. आमच्या घरात असल्या गोष्टींना थाराच नव्हता. वडील मोटार रिवाइंडिंगवाले, म्हणजे जळालेल्या मोटारीतलं तांबं काढून नवीन भरणारे. त्यांच्या मते जगातल्या प्रत्येक भानगडीमागे एक तर लूज कनेक्शन असतं, नाहीतर अर्थिंग नसतं. त्यामुळे हे लिहिताना माझी मलाच लाज वाटतेय. तरी लिहिते.

आम्ही कोल्हापूरजवळच्या उचगावचे. खाली वडिलांचं, म्हणजे आण्णांचं दुकान, वर घर, जिन्याला लागून माझी खोली. मी चांदीच्या दागिन्यांची डिझाइन्स कॉम्प्युटरवर करते. त्यासाठी तीन वर्षांपूर्वी डेस्कटॉप घरीच जोडला — मी आणि आण्णांनी मिळून. पार्ट्स मी निवडले, आतल्या वायरी त्यांनी बांधल्या. सोबत आलेले प्लॅस्टिकचे टाय त्यांनी फेकून दिले आणि मोटारीच्या वाइंडिंगला वापरतात तो दोरा घेतला. "ह्यो सुटत न्हाय," एवढंच म्हणाले.

आण्णांची मोटार तपासायची एक पद्धत होती. मोटार चालू करायची आणि हाताची मागची बाजू तिच्यावर टेकवून दहा आकडे मोजायचे. तळहात कधीच नाही, कारण शॉक बसला तर मूठ आवळते. पाच मिनिटांनी एकदा, मग पंधराव्या मिनिटाला, मग अर्ध्या तासाला आणि शेवटी तासाला. तासाला हात टिकला की "पास" म्हणून चहाला जायचे. गिऱ्हाईक कितीही घाई करू दे, यात बदल नाही. माझ्या कॉम्प्युटरलाही येता-जाता असाच हात लावायचे.

गेल्या गणपतीच्या आधी एका नवरीच्या दागिन्यांचं रेंडर मी लावलं होतं, म्हणजे डिझाइनवरून खऱ्यासारखं चित्र कॉम्प्युटर तयार करत होता, दोन दिवस सलग चालू. मी स्वयंपाकघरात होते. आण्णा खोलीत आले, हात टेकवला, आणि सरळ भिंतीवरचं बटण बंद केलं. तापलेली मोटार बघितली की ते हेच करायचे. माझं दोन दिवसांचं काम पाण्यात गेलं.

"लई तापलं हुतं की गं," ते म्हणाले. "जळलं असतं समदं."

मी काय काय बोलले ते इथे लिहिणार नाही. माझं तोंड आधीच फाटकं. शेवटचं मात्र अजून पाठ आहे — "ही तुमची मोटार न्हाय, आण्णा! चालू मशीनला परत हात लावायचा न्हाय, सांगून ठेवते!"

"बरं," म्हणाले आणि खाली गेले.

त्यानंतर मी असताना ते कधी माझ्या खोलीत आले नाहीत. काही हवं असलं तर जिन्यातूनच हाक. मला कळत होतं हो... रोज वाटायचं, आज म्हणावं, या की आत. उद्या म्हणू, उद्या म्हणू करत राहिले. दिवाळी झाली, आणि एका सकाळी आण्णा दुकानात स्टुलावर बसल्या बसल्या गेले. माझं म्हणायचं राहूनच गेलं.

आता मूळ गोष्ट. एप्रिल महिना, लग्नसराई, कामं साचलेली. मशीन कमी पडायला लागलं म्हणून मी पहिल्यांदाच ओव्हरक्लॉक करायचं ठरवलं, म्हणजे प्रोसेसर ठरलेल्या वेगापेक्षा जास्त पळवायचा. दुपारचे दोन. आई मावशीकडे इचलकरंजीला गेलेली, खालच्या दाराला आतून कडी. बायोसमध्ये, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये जाऊन वेग वाढवला, व्होल्टेज किंचित वाढवलं. पहिल्यांदा मशीन अडकलं, दुसऱ्यांदा सुरू झालं. मग दोन तासांची स्ट्रेस टेस्ट लावली. यात प्रोसेसर पूर्ण ताकदीने पळतो आणि दर सेकंदाचं तापमान नोंदलं जातं.

आकडा चढत चढत चौऱ्याऐंशीवर गेला. पाचव्या मिनिटाला एकदम एकाहत्तर! दहाएक सेकंद तिथेच राहिला, आणि परत चौऱ्याऐंशी. मी म्हटलं सेन्सर येडा झाला. पंधराव्या मिनिटाला पुन्हा तेच. मी पंख्याचा वेग बघितला, प्रोसेसरचा वेग बघितला... कशातच फरक नाही.

अर्ध्या तासाला तिसऱ्यांदा आकडा पडला तेव्हा मी वेळा बोटांवर मोजल्या. पाच, पंधरा, तीस. आता कधी, ते मला ठाऊक होतं.

पुढचा अर्धा तास मी खुर्चीवरून हलले नाही. भीती नव्हती वाटत, शपथेवर सांगते. दहावीच्या निकालाच्या दिवशी वाटलं होतं तसं वाटत होतं. साठावं मिनिट लागलं आणि आकडा खाली आला. एकाहत्तर. मी मनात मोजत होते — सात, आठ, नऊ... बोलायला हवं होतं मी. आण्णा, चुकले म्हणायला हवं होतं. एरवी भांडायला पुढे असणारं माझं तोंड, नेमकं तेव्हाच उघडलं नाही. दहा झाले आणि आकडा वर गेला.

टेस्ट अजून तासभर चालली. त्यात आकडा एकदाही पडला नाही. मी रडत बसले होते.

संध्याकाळी आई आली. तिला सगळं सांगितलं. वाटलं, वेड लागलं म्हणेल. ती पिशवी न ठेवताच खाटेवर बसली.

"तू भायेर गेलीस की यायचं की ते हिथं," आई म्हणाली. "बंद पेटीवर हात ठिवून बसायचं. मी म्हटलं, पोरगी वराडंल. तर म्हणालं, चालू असताना लावू नका म्हटलीया, बंद असताना कुठं म्हटलीया?"

"रागावलं हुतं व्हय माझ्यावर?"

"राग कसला? पोरीचं मशीन ते. बघून जीव हरकायचा त्यांचा."

ती नोंद मी ओव्हरक्लॉकिंगवाल्यांच्या ग्रुपवर टाकली. एक म्हणाला सेन्सरचा दोष, दुसरा म्हणाला वीज कमी-जास्त झाली असेल. असेलही. पण मग नेमक्या त्याच चार वेळी कशी, हे कुणालाच सांगता आलं नाही, आणि मलाही अजून सुचलेलं नाही. त्याच सेटिंगवर मी नंतर कितीतरी दुपारी टेस्ट लावली. दार सताड उघडं ठेवलं. मोठ्याने म्हणूनही झालं, "आण्णा, चालू हाय. लावा की हात." आकडा परत कधीच हलला नाही.

आईला स्क्रीनवरचं काही कळत नाही. टेस्ट लावली की ती भाजी निवडायला माझ्याजवळ येऊन बसते, आणि थोड्या वेळाने हळूच विचारते, "आलं का गं ते?"

"व्हय आई," मी स्क्रीनकडे बघतच सांगते. "आलं की आत्ता."

आणि आई डोक्यावरचा पदर सारखा करते.