सिंह अर्धाच उरला

मंडळी, चमच्याच्या मागच्या शिक्क्यांचा नीट फोटो टाका, असं तुम्ही सगळे ग्रुपवर म्हणत होतात ना? तो फोटो आता कधीच येणार नाही.

चांदीचा हा चमचा माझ्या पणजोबांचा. ते महूच्या छावणीत शिपाई होते. निवृत्तीच्या वेळी गोऱ्या साहेबाने तो दिला, असं बाबा सांगतात. काका म्हणतात, बाजारातला असेल. मागे बारीकसा सिंह, शेजारी एक अक्षर आणि बनवणाऱ्याची खूण होती. त्या अक्षरावरून चमचा घडवल्याचं साल कळतं, हे तुम्हीच मला शिकवलंत.

घरच्या भिंगातून अक्षर लागेना, म्हणून आज राजवाड्याजवळ एका सराफाकडे गेले. म्हटलं, "भैया, जरा ये निशान पढ़ दो." तेवढ्यात फोन आला म्हणून दोन मिनिटं बाहेर गेले. परत येऊन बघते तर त्यांनी मागून नेमकी शिक्क्यांवरच कानस मारून चांदी तपासलेली! अक्षर आणि खूण दोन्ही गेली.

"निशान तो कोई भी ठोक दे दीदी, इसलिए माल ही जांच लिया. एक नंबर चांदी है. और पीछे से घिसा है, सामने से बिल्कुल नहीं दिखेगा."

एवढ्या काळजीने केलं हो त्यांनी. रागवायचं तरी कोणावर?

घरात पाऊल टाकताच बाबांनी विचारलं, "साल कळलं का गं?"

"चांदी अस्सल आहे, बाबा."

"ते कोणी विचारलं?"

अर्ध्या सिंहावरून कोणाला काही सांगता येईल का? बाबा चष्मा पुसून चमचा मागतायत, आणि तो अजून माझ्या पर्समध्येच आहे.