मरियमेला विचारलं होतं

"बापाच्या जागी रेघ? बाप नाही काय रे तुला?"

माझा शाळेचा दाखला उंच धरून हजेरी कारकून ओरडला. पन्नासच्या दशकातली गोष्ट. पिंपरीत कारखान्याचं बांधकाम चालू होतं. मी विशीतला, विटा वाहणारा. चार बुकं शिकलेला म्हणून मला भांडारात घेणार होते.

"मिशनची शाळा! ख्रिस्ती ना तू? मग बरोबर. तुमच्या देवालाही बाप नव्हता म्हणे. कुमारीला पोर! चालच दिसते तुमच्यात."

रांग हसली. मीही हसलो. मोठ्याने. मला ती नोकरी हवी होती.

दोन पावलांवर आई उभी होती. डोक्यावर घमेलं.

नोकरी मिळाली. संध्याकाळी आई भाकरी थापत होती. मी म्हणालो, "आई, चुकलो."

तिने भाकरी उलटली. मग तव्याकडे बघतच म्हणाली, "मरियमेकडं दूत आला. त्यानं आदी सांगितलं, तुझ्या पोटी देव येनार हाय. ती व्हय म्हनाली, मग झालं. देव आसून तिच्या व्हयसाटी थांबला. मला कुनी इचारलं न्हाई. मालकाच्या गोठ्यात कामाला व्हते."

नाताळात सगळे गोठ्याचं गाणं म्हणायचे, तेव्हा आई गप्प असायची. का, ते त्या दिवशी कळलं.

"मग देव असा का आला गं?"

"आमालाबी इचारावं लागतं, ह्ये दावायला."

सकाळी मी कारकुनापुढे उभा राहिलो. "काल माझ्या आईवर हसलात. तिची माफी मागा."

"डोकं फिरलं काय रे तुझं?" त्याने माझ्या नावावर काट मारली. मग आईच्याही.

आई घमेलं खाली ठेवून माझ्यामागून चालत आली. रागावली नाही. पण तिचंही काम जाईल, हे बोलण्याआधी मी तिला विचारलं नव्हतं. रांगेत हसलो तेव्हा भेकड होतो. माफी मागा म्हणालो तेव्हा शूर. दोन्ही वेळा तिला विचारलं नाही. आता ती नाही. न विचारल्याबद्दल तिची माफी मागायची राहिली ती राहिलीच.

त्याला पंचवीस वर्षं झाली. आता माझ्या लेकीला आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या पंचांनी स्थळ आणलं आहे. "बाप आहेस, हो म्हणून टाक," म्हणतात. मी म्हणणार नाही. लेकीला विचारीन. ती नाही म्हणाली तर नाही. पंचांनी मंडळीतून काढलं तरी नाही.