योनाचा विश्वास आणि हैबतीचा दुसरा नारळ

योना साळवे हा महाड डेपोतला एकुलता एक ख्रिस्ती ड्रायव्हर, माझा भिंतीला भिंत लागून शेजारी. ख्रिस्ती घरं गावात चारच, तेव्हा विश्वास डोळ्यांत तेल घालून जपायला हवा, असं त्याचं म्हणणं. सत्यनारायणाचं बोलावणं आलं की त्याला हटकून ताप भरायचा. श्रावणात तर बिचारा महिनाभर आजारी.

खरी पंचाईत आंबेनळी घाटाची. पायथ्याला देवीची घुमटी. तिथे नारळ फोडून मगच गाडी चढवायची, ही ड्रायव्हरांची रीत. योनाने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, "माझा देव घाटाखाली आहे नि घाटावरही आहे. गाडी थांबणार नाही." गाडीतल्या रोजच्या बायांनी ते ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी घुमटी दिसली मात्र, त्यांच्यातली ठकूबाई ओरडली, "योनादादा, थांबव रे! लघवीला लागलीय!"

माणुसकी म्हणून गाडी थांबली. तेव्हापासून नेमक्या त्याच वळणावर अख्ख्या गाडीला लागायची, तान्ह्या पोरांसकट. योना उजव्या खिडकीतून डोंगर न्याहाळायचा. कंडक्टर हैबतीने नारळ उचलला की हा इंजिन असं रेस करायचा, की फुटल्याचा आवाज कानी पडू नये. विश्वास शाबूत, घाट शाबूत. डिझेल तेवढं जास्त जळायचं.

वर पोचल्यावर दोघं एकत्र जेवायचे. हैबती त्याला खोबरं द्यायचा ते घरून आणलेल्या दुसऱ्या नारळाचं. "ह्यो देवीला दाखवलेला नाय. खा बिनघोर."

अशात मुंबईहून योनाचा मेहुणा दानिएल आला. पायात पांढरे बूट, बगलेत पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल. त्याला जिथे तिथे सैतान दिसायचा. बहिणीने रांधलेल्या कोंबडीत तेवढा कधी दिसला नाही. बहिणीने हसत हसत इंजिनाची गंमत सांगितली. हा उसळला.

"दाजी, बुडालात तुम्ही! थांबणं बंद. त्या कंडक्टरच्या हातचं पाणीसुद्धा नको. असली माणसंच विश्वास पोखरतात."

योना घाबरला. गाडी घुमटीवरून सुसाट जायला लागली. डबाही तो वेगळा बसून खाऊ लागला. "आता लागलं तर आमी तुज्या पाव्हण्याला इचारू काय रे?" ठकूबाई म्हणायची. पण प्रार्थनेला डोळे मिटले की योनाला येशू दिसेना. हैबती कसा वाईट, ठकूबाई कशी लबाड, हेच दिसे. "मला प्रार्थना येईनाशी झालीय गं," असं बायकोला सांगताना रडला म्हणे. आमच्या हिने भिंतीपलीकडून ऐकलं, म्हणजे खरंच.

शनिवारी मेहुणा योनाच्याच गाडीने महाबळेश्वरला निघाला. पोलादपूरला त्याने उसाचा रस पोटभर ढोसला. घुमटीचं वळण आलं नि मागून हाक आली, "दाजी, थांबवा!"

"इथे?"

"कुठेही! आत्ता!"

"पाव्हण्यालाबी देवी पावली गो!" ठकूबाई म्हणाली. गाडी थांबली. मेहुणा झुडपामागे धावला, हैबतीने संधी साधून नारळ फोडला. योना इंजिन रेस करायचं विसरला. आवाज खणखणीत ऐकू आला. विश्वास जागच्या जागी होता.

मेहुणा परतला तेव्हा हैबती पुडी सोडून उभा. "घ्या सायेब. ह्यो येगळा. योनादादांचा."

"मी इतके दिवस शिवलो नाही, तरी आणत होतास?" योनाने विचारलं.

"रुसला तुमी, मी नाय. एकदम मागितलंत नि माज्याकडं देवीचंच निघालं, तर तुमचं काय व्हायचं?"

मेहुण्याने हात मागे घेतला. योनाने तुकडा उचलला. बराच वेळ चावत राहिला, मग गाडी घाटाला लावली.

रविवारी योनाच्या घरी चार घरांची प्रार्थना होती. मी सवयीने ओट्यावर, कान नि डोळे त्यांच्या उघड्या दाराला लावून. मेहुणाही परतला होता, डोळे घट्ट मिटून, हात जोडून. योनाला पुन्हा प्रार्थना आली, चांगली मोकळ्या गळ्याने:

"प्रभू, माझा विश्वास जपणाऱ्या हैबतीला जप. आणि तो जपायला मुंबईहून जे येतात, त्यांच्यापासून मला राख."

सगळ्यांत आधी नि सगळ्यांत मोठ्याने "आमेन" म्हणाला तो मेहुणा. अर्थ त्याच्या डोक्यात शिरेपर्यंत आतली चारही घरं हसू दाबायला खोकत होती.