एका खडकावरची दोन दगडफुलं

माझे वडील मेंढ्या राखायचे. चुडाव्याच्या स्टेशनापासून कोसभर चालत गेलं की काळ्या खडकाचा एक उघडा माळ लागतो, तिथं. एमएस्सीला असताना आणि नंतरही वर्षभर मी त्याच माळावर दगडफुलं गोळा करायची. मसाल्यात घालतो त्याची ही गरीब भावंडं, खडकाला खपलीसारखी चिकटलेली, राखाडी. दगडफूल म्हणजे एकच जीव नव्हे. बुरशी घर बांधते, आत शेवाळ राहतं आणि दोघांचं पोट भरतं. जात ठरवायची ती बुरशीवरून.

एकदा वडील माझ्यामागं येऊन उभे राहिले. "काय बघायलीस एवढं?"

"ह्या सगळ्या खपल्या एकाच जातीच्या हायत, आबा."

त्यांनी बाटलीतलं पाणी खडकावर शिंपडलं आणि थांबले. "ही बघ, लगेच हिरवी झाली. आन् ही अजून कोरडीच. दोन न्याऱ्या हायत, माय. मेंढरात बी रंग एक आन् पैदास न्यारी असतीय."

दुसऱ्या दिवशी मी हे माझ्या मार्गदर्शक सरांना सांगितलं. जिल्ह्यातल्या दगडफुलांवर त्यांचा शब्द शेवटचा. त्यांनी दोन्ही नमुने सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, जात ओळखायला पोटॅशचा थेंब टाकून रंग बघितला. दोन्ही पिवळे झाले.

"रंग एक, बीजाणू एक, मग जाती दोन कशा? कोणी सांगितलं तुला?"

मी मूर्खासारखं खरं सांगितलं. "वडिलांनी."

"वा! म्हणजे आता मेंढ्यांनाच परीक्षक नेमायला पाहिजे." सगळा वर्ग हसला.

ते हसणं मी कदाचित विसरले असते. पण वर्षभरानं सरांचं पुस्तक आलं. मी तीन हिवाळे उन्हात फिरून जमवलेले सगळे नमुने त्यात होते आणि प्रत्येकापुढं गोळा करणारा म्हणून सरांचं नाव. मी विचारायला गेले तर खुर्चीतून न उठता म्हणाले, "तू माझी विद्यार्थिनी. तू गोळा केलं म्हणजे मीच केलं." मी "हो सर" म्हणून बाहेर आले. तो 'हो' मला पुढं कितीतरी वर्षं आतून पोळत राहिला.

भांडायचं नाही, त्यांच्याच विषयात त्यांना पाडायचं, एवढं मी ठरवलं आणि पुण्याच्या एका प्रयोगशाळेत गेले. तिथं खपली कुटून तिच्यातून बुरशीचा डीएनए वेगळा काढायला शिकले, त्यातल्या अक्षरांचा क्रम वाचायला शिकले, क्रमांतल्या फरकांवरून वंशवृक्ष मांडायला शिकले. लोक म्हणायचे, काय कष्टाळू मुलगी आहे. खलबत्त्यात कुटताना मला कोणाचा चेहरा दिसायचा, ते त्यांना ठाऊक नव्हतं.

मग मी त्याच खडकावरच्या दोन्ही खपल्या आणल्या. फार तर दोन बहिणी निघतील असं वाटलं होतं. निकाल आला तेव्हा वंशवृक्षावर त्या एकमेकींपासून कितीतरी लांबच्या फांद्यांवर होत्या. एकीचे नातलग सगळे झाडाच्या सालीवर राहणारे. दोन वेगळ्या घराण्यांतल्या बुरशा आपापल्या वाटेनं ह्या माळावर आल्या होत्या आणि एकाच उन्हात तापून दोघींचं कातडं सारखं झालं होतं. मी प्रयोगशाळेत मोठ्यानं हसले. सगळे वळून बघायला लागले.

घाई केली नाही. पूर्णा, सेलू, जिथं खडक दिसेल तिथले नमुने तपासले. सरांच्या पुस्तकातल्या नमुन्याचा तुकडाही कॉलेजच्या संग्रहातून रीतसर मागवला.

नंतर त्याच कॉलेजात परिसंवाद ठरला. सर तोवर निवृत्त झाले होते आणि अध्यक्ष म्हणून येणार होते, म्हणूनच मी बोलायचं कबूल केलं. वंशवृक्ष पडद्यावर आला तसे ते उठले.

"डीएनएत भेसळ होते. हवेतली बुरशी आली असेल. माझ्या संग्रहातला मूळ नमुना तपासल्याशिवाय मी हे मानणार नाही."

"तोही तपासलाय, सर."

मी संग्रह सांभाळणाऱ्या बाईंना ते पाकीट आणायला सांगितलं आणि सगळ्यांसमोर उघडलं. त्या काळी मी प्रत्येक नमुन्याच्या पोटाशी पेन्सिलीनं लिहिलेली एक चिठ्ठी ठेवत असे. सरांनी पाकिटांवरची नावं बदलली होती, आत डोकावले नव्हते.

"वाचा ना, सर."

त्यांनी चिठ्ठी हातात घेतली, चष्मा सारखा केला आणि ती मला परत दिली. मग मीच वाचली. "माळाचा उतार. पाणी टाकताच हिरवी. आबांच्या मते वेगळी जात." खाली माझी सही होती. मागून कोणीतरी टाळी वाजवली आणि थांबलं. सर खाली बसले. मला वाईट वाटलं का? अजिबात नाही. त्या दिवशी मी दोन वेळा जेवल्यासारखी तृप्त घरी गेले.

एक गोष्ट मात्र माझ्या विरुद्ध निघाली. सरांनी दुसऱ्या दोन जाती वेगळ्या मानल्या होत्या, बाहेरचे अभ्यासक त्यांना हसायचे. माझ्या डीएनएनं सरांनाच खरं ठरवलं. ती नोंद गाळावी असं महिनाभर मनात घोळत होतं. पण खोटं केलं असतं तर त्यांना माझी मान धरायला जागा मिळाली असती. शोधनिबंधात मी ते लिहिलं. एका ओळीत. त्याहून जास्त नाही. आबांनी ओळखलेली जात शास्त्राला नवीच होती. नव्या जातीला गुरूचं नाव द्यायची रीत आहे, असं एका सहकाऱ्यानं सुचवलं. मी मेंढपाळांवरून नाव दिलं.

गेल्या हिवाळ्यात पूर्णेच्या फलाटावर सर बायकोसोबत बसलेले दिसले. मला पाहताच त्यांनी पेपर उघडला. मी मुद्दाम जवळ गेले. "नमस्कार, सर."

"तुम्ही ह्यांच्याकडं शिकलात?" काकूंनी कौतुकानं विचारलं.

"हो काकू. तीन हिवाळे."

सर रुळांकडं बघत राहिले. बरेच थकले होते. तरी मला दया आली नाही. गाडी आली तशी त्यांची जड बॅग मी उचलली, डब्यात नेऊन ठेवली आणि दारातच उभी राहिले. हटले नाही. शेवटी त्यांना माझ्याकडं बघावंच लागलं.

"आभारी आहे," ते पुटपुटले.

"मोठ्यानं बोला, सर," मी म्हणाले. "गाडीच्या आवाजात ऐकू आलं नाही."