डालग्याखालची हजेरी

आमच्या हेडमास्तरांइतका श्रीमंत माणूस उभ्या सोलापूर जिल्ह्यात झाला नाही. सात रस्त्याकडचे बंगलेवाले मी लांबून पुष्कळ पाहिलेत, पण त्यांना कायम कशाची ना कशाची चणचण. आमच्या हेडमास्तरांच्या शाळेला भिंती तीन, फळा नाही, बाक नाही, घड्याळ नाही, छपरातून दिवसा सूर्य दिसायचा, आणि हा गृहस्थ आल्यागेल्याला छाती पुढं काढून सांगणार, "या, या, आमच्याकडं सगळं आहे!" चौथ्या भिंतीचं काय, असं मी रुजू झालो त्या दिवशी विचारलं, तर माझ्याकडं कीव आल्यासारखं बघून म्हणाले, "अहो, चौथी भिंत असती तर उजेड कुठून आला असता? शहरातून आलात ना, होईल हळूहळू सवय." मला ती सवय शेवटपर्यंत झाली नाही. मी माणूस मुळात कुरकुऱ्या, आणि त्या शाळेत कुरकुरीला वाव भरपूर होता.

पहिलं जर्मनचं युद्ध संपून पाचसात वर्षं झाली असतील. कुंभारीच्या अंगानं सोलापूर सोडलं की जे उघडंबोडकं माळरान लागतं, त्यात ते गाव. नाव सांगत नाही, कारण मी त्यांची बदनामी करत हिंडतो असं तिथल्या लोकांना आधीच वाटतं. निम्मं गाव मेंढरांमागं, निम्मं कोरडवाहू ज्वारीमागं, आणि पोरं दोन्हींमागं. शाळा लोकल बोर्डाची, मास्तर दोन. थोरले म्हणजे हेडमास्तर आणि धाकटा मी. पूर्वी ही शाळा मारुतीच्या देवळात भरायची. पण देवळात काही पोरांना पायरीच्या खालीच बसावं लागे, उन्हात, आणि तिथून ऐकू येईल तेवढंच शिकावं लागे. हेडमास्तरांनी यावर भांडण केलं नाही. एका सकाळी पंचांना गोळा करून ते गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, "मारुतीराय ब्रह्मचारी. पोरांच्या किलबिलाटानं त्यांना त्रास होतोय. काल गदा हलल्यासारखी वाटली मला." पंच घाबरले. संध्याकाळच्या आत गावाबाहेरचा एक पडका गोठा शाळेला मिळाला, आणि तिथं मात्र सगळी पोरं एका रांगेत एकाच शेणानं सारवलेल्या जमिनीवर बसू लागली. "देवाच्या कृपेनं जागा मिळाली," असं ते पुढं जन्मभर सांगत, आणि त्यात खोटं तरी काय होतं म्हणा!

मूळचे ते सोलापूर शहरातले, मागावर बसणाऱ्या तेलुगू घरातले. मागावरून उठून शाळेत गेलेला त्यांच्या घरातला हा पहिलाच माणूस. मराठी आमच्याहून शुद्ध बोलत, पण राग आला की डोळे मिटून तेलुगूत दहापर्यंत आकडे मोजत. "मराठीत मोजले तर पोरांना वाटतं गणित सुरू झालं," हे त्यांचं कारण. परिणाम असा, की त्या माळावरच्या धनगरांच्या पोरांना वकटि, रेंडु, मूडु बिनशिकवता येऊ लागलं. नकाशा नव्हता, म्हणून त्यांनी राखेनं जमिनीवरच हिंदुस्थान काढला होता, चांगला दोन खणांएवढा, आणि पोरांना त्यावरून चालवून भूगोल शिकवत. "अरे, भीमेत पाय दिलास की! भिजशील! काठाकाठानं ये!" असा त्यांचा आरडाओरडा चाले. भिंत नसल्यामुळं गावच्या शेळ्याही भूगोलाला येत. एकदा एक शेळी मद्रास इलाख्यावर येऊन बसली ती काही केल्या उठेना. हेडमास्तर म्हणाले, "राहू दे, गाभण आहे बिचारी." पुढं तिला ती जागाच आवडली. त्यामुळं त्या साली आमच्या पोरांचा मद्रास इलाखा झालाच नाही.

पोरं मिळवायची त्यांची तऱ्हाही जगावेगळी. गावात बारसं असलं की हे हजर. पाळण्यात गुळाचा खडा ठेवायचा, बाळाचं नाव विचारायचं आणि बाळंतिणीला बजावायचं, "सहा वर्षांनी पाठवून दे बरं का, जागा धरून ठेवतो." मुलगी असली तर दोनदा बजावायचं. "मास्तर, अजून मान बी धरत न्हाय की ती," असं बाया हसून म्हणायच्या. पण सहा वर्षांनी खरोखर पाठवायच्या, कारण हा माणूस सहा वर्षं विसरत नसे. मेंढरं चाऱ्यासाठी लांब गेली की हे छत्री काखोटीला मारून त्यांच्या मागं जात. ती छत्री मी कधी उघडलेली पाहिली नाही. ती पोरं गोळा करायची काठी होती.

तर अशी ही आमची कुबेराची शाळा. एके दिवशी बोर्डाकडून निरोप आला की डिप्टीसाहेब तपासणीला येतायत. पोरं पुरेशी दिसली नाहीत तर शाळा बंद करून ओढ्यापलीकडच्या गावच्या शाळेत जोडायची. कागदावर हे सोपं होतं. पण तो ओढा ओलांडून दीड कोस आमची पोरं जाणार नव्हती, आणि पोरी तर मुळीच नाहीत. शाळा जोडणं म्हणजे शाळा संपणं, हे आम्हां दोघांनाही ठाऊक होतं. मी म्हटलं, "बघू काय होतं ते." हेडमास्तरांनी डोळे मिटले. नुसते आकडे मोजू लागले, आणि पहिल्यांदाच दहाच्या पुढं गेले.

मग मात्र त्यांनी कंबर कसली. खतासाठी शेतात मेंढरं बसवायची आमच्याकडं पद्धत आहे. रात्रभर मेंढरं रानात बसली की जमिनीला खत मिळतं. हेडमास्तरांनी जवळच्या शेतकऱ्यांच्या हातापाया पडून तपासणीच्या आठवड्यात सगळे कळप गावालगतच्या रानांतच बसवायला लावले, म्हणजे धनगरांची पोरं लांब जायला नकोत. तपासणीच्या दिवशी सकाळी आजारी दोघं सोडून सगळी पोरं अंघोळ करून, डोक्यावर तेल थापून गोठ्यात हजर! मी इतक्या चकाकणाऱ्या पोरांकडं बघून थक्क झालो. हेडमास्तर नुसते इकडून तिकडं फिरत होते आणि प्रत्येकाचं नाक पुसत होते.

पण नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं. त्याच्या आधीच्या महिन्यात गावात देवी टोचणारा आला होता. लोक घाबरून पोरं लपवू लागले, तेव्हा हेडमास्तरांनी चावडीसमोर बाही वर सारून स्वतःला टोचून घेतलं. "बघा, काही होत नाही!" म्हणाले. आणि दुसऱ्या दिवशी त्यांचा दंड असा सुजला, की आठ दिवस सदऱ्याची बाही चढेना! सूज उतरली, दंड बरा झाला, पण गावानं घ्यायचा तो धडा घेतला. करायला गेले एक आणि झालं भलतंच. आता डिप्टीसाहेब ज्या तांग्यातून आले तो तांगा नेमका त्या टोचणाऱ्याचाच, घोडं तेच बरगड्या दिसणारं, आणि साहेबाच्या मांडीवर तशीच काळी कातडी पिशवी. ओढ्यावर पाण्याला गेलेल्या तायव्वा आजीनं हे पाहिलं आणि घागर तिथंच टाकून ती बोंबलत सुटली, "आला गं बयांनो, टोचनारा आला! पोरं घ्या आत!"

पुढचं सगळं माझ्या डोळ्यांदेखत झालं. आया धावत आल्या. कुणी बखोटीला धरून, कुणी कडेवर घेऊन आपापलं पोर उचललं. हेडमास्तर दोन्ही हात पसरून उभे राहिले, "अगं, हे ते नव्हेत! हे शाळेचे साहेब!" एक बाई जाता जाता म्हणाली, "मास्तर, तुमचा दंड आमी बघितलाय की!"  घटकाभरात गोठा रिकामा. उरलो आम्ही दोघं आणि मद्रास इलाख्यावरची शेळी.

डिप्टीसाहेब आले, इकडंतिकडं पाहिलं, रुमालानं मान पुसली. "मुलं कुठं आहेत?"

"आहेत साहेब. गावातच आहेत."

"मुलं सगळ्याच गावांत असतात, मास्तर. शाळेत आहेत का ते सांगा."

हेडमास्तरांनी खरं ते सांगितलं. साहेब ऐकत होते, पण तोंडावर स्पष्ट दिसत होतं की त्यांनी असली कारणं गाडीभर ऐकलीत. कुठं लग्न, कुठं जत्रा, इथं टोचणारा. "बरं आहे, लिहितो मी तसं," म्हणून ते तांग्याकडं वळले.  मी एरवी त्या शाळेला नावं ठेवणारा, पण खरं सांगतो, त्या क्षणी मला रडू फुटायचं बाकी राहिलं होतं. हेडमास्तरांनी डोळे मिटले. वकटि, रेंडु, मूडु. मग डोळे उघडून अगदी गोड आवाजात म्हणाले, "साहेब, तांगा पिंपळाखाली उभा आहे. या गल्लीतनं गेलं की जवळ पडतं."

जवळबिवळ काही पडत नव्हतं. ती गल्ली अख्ख्या गावाला वळसा घालते. साहेब शिरले. दारं सगळी बंद, सगळीकडं सामसूम, एक कुत्रं तेवढं उभं. आणि हेडमास्तर चालता चालता एकदम ठणठणीत आवाजात ओरडले, "एकोणीस एके एकोणीस!"

उजव्या हाताच्या घरातून, ज्वारीच्या कणगीतून येतो तसा घुमा आवाज आला, "एकोणीस दुणे अडतीस!"

साहेब थबकले. पलीकडच्या माळ्यावरून दोन पोरं एकदम ओरडली, "एकोणीस त्रिक सत्तावन्न!" मग कुठल्या तरी गोधडीखालून "चोक शहात्तर", मग एका घरच्या गोठ्यातून "पंचे पंच्याण्णव". आमच्या हेडमास्तरांचा तसा दंडकच होता. त्यांनी पाढ्याची पहिली ओळ टाकली की ऐकू येईल त्यानं पुढची उचलायची, मग तो विहिरीवर असो की झाडावर. आया आतून "गप की मेल्या, धरंल तो!" म्हणून दबक्या आवाजात ओरडत होत्या, पण पोरांचा इलाज नव्हता. पाढा एकदा सुरू झाला की मधे सोडता येत नाही.

मग हेडमास्तरांनी तिथंच चालता चालता हजेरी घेतली. "रखमा!" कणगीतून, "हजर!" "धोंडू!" माळ्यावरून, "हजर!" "बिरू!" बिरूच्या घरासमोर तायव्वा आजी कोंबड्यांच्या उलट्या डालग्यावर मांडी ठोकून बसली होती, जणू काही ती रोज तिथंच बसते. तिच्या बुडाखालून आवाज आला, "हजर!" आजीनं डालग्यावर फाटकन थाप मारली, "मुडद्या, गप बस की!" आणि साहेबाकडं बघून म्हणाली, "कोंबडी हाय."

"कोंबडीला भूगोल येतो का?" साहेबांनी विचारलं. आता त्यांच्या मिशा हलायला लागल्या होत्या. डालग्याजवळ वाकून ते म्हणाले, "आपल्या जिल्ह्यातली मोठी नदी कोणती?" "भीमा!" आत्मविश्वासानं डालगं बोललं. "शाबास. आणि मद्रास इलाखा कुठल्या दिशेला?" डालगं गप्प. माळा गप्प. कणगी गप्प. अख्खी गल्ली गप्प.

"साहेब," हेडमास्तर हळूच म्हणाले, "तिथं शेळी बसते."

तेव्हा मात्र डिप्टीसाहेब पिशवी खाली ठेवून, पोट धरून हसले. पार शेवटच्या घरापर्यंत त्यांनी हजेरी ऐकली, मधून मधून स्वतः नावं पुकारली. आजारी दोघं सोडले तर पट भरलेला. पिंपळाखाली आल्यावर ते म्हणाले, "मास्तर, शाळा कुठं जात नाही. मी बघतो. आता आणखी काय हवं ते मागा. आज मी नाही म्हणणार नाही."

मी मागून हेडमास्तरांच्या सदऱ्याला हिसके देत होतो. चौथी भिंत! फळा! गेला बाजार एक घड्याळ तरी! असा योग जन्मात एकदा येतो. हेडमास्तर हात जोडून म्हणाले, "साहेब, आता तेवढे लवकर निघा. कणगीत पोर गुदमरत असेल."

मी कपाळावर हात मारून घेतला. तांगा धूळ उडवत ओढ्यापार गेला. मग एकेक दार किलकिलं झालं आणि पोरं बाहेर आली. कुणाच्या केसांत ज्वारीचा भुसा, कुणाच्या कोंबडीची पिसं, सकाळच्या तेलाचा पार चिखल. सगळी धावत गोठ्यात येऊन रांगेत बसली. हेडमास्तर भिंतीला टेकून खाली बसले आणि म्हणाले, "आज सुट्टी." हा शब्द त्यांच्या तोंडून कुणी ऐकलेला नव्हता. त्याचं काय करतात ते पोरांना समजेना, म्हणून कुणी उठलंच नाही. पोरं त्यांच्याकडं बघत बसली, आणि बघता बघता आमच्या हेडमास्तरांची मान कलंडली, तोंड उघडं पडलं. महिनाभर हा माणूस झोपला नव्हता, हे मला तेव्हा उमगलं. इतके दिवस शेजारी राहून मला ते कळलं नव्हतं.

पुढं माझी अकलूजला बदली झाली. चार भिंतींची, घड्याळाची शाळा मिळाली. हेडमास्तर त्याच गोठ्यात म्हातारे झाले, आणि गेले ते शाळेच्या वेळातच गेले असं कानावर आलं. मला जाता आलं नाही. त्यांची आठवण झाली की मला ती दुपार दिसते. ते घोरताहेत, आणि जी पोरं कणगीत, माळ्यावर, डालग्याखाली, आईच्या शिव्या खाऊनही गप्प बसली नव्हती, ती सगळीच्या सगळी, मास्तरांची झोप मोडू नये म्हणून, चिडीचूप बसली आहेत.