आधी दंड कुणाचा

सोलापुरातल्या त्या लॅबमध्ये रक्त काढणारा माणूस सुई टोचण्याआधी प्रत्येकाला सांगतो, "मुंगी चावंल, बस." माझ्या लेकीचा जन्मजात आजार त्यानंच मला समजावला. "पांढऱ्या पेशी भरपूर हायत, पण आतल्या प्रथिनाला फॉस्फेट चिकटत न्हाय. मग लढायचा निरोपच पोचत न्हाय."

परवा डॉक्टरांनी आईबाप दोघांचं रक्त मागवलं. "हिचंच घ्या, खोट हिच्याच रक्तात हाय," सासूबाई लॅबमध्ये त्याला म्हणाल्या. मी त्यांच्या सख्ख्या भावाची मुलगी, त्यांनीच हट्टानं सून करून आणलेली. हे नातं कागदावर त्या रक्त काढणाऱ्यानंच लिहून घेतलं होतं. तरी मी मुकाट्यानं बाही वर केली. माझा मलाच संताप आला.

त्यानं माझ्या दंडाला पट्टा बांधलाच नाही. "आजी, भावाबहिणीचं रक्त एकच की," म्हणत तो माझ्या नवऱ्याकडं वळला. नवरा खिशातले हात बाहेर काढेना.

"मुंगीला भिता व्हय, सायेब?" त्यानं विचारलं.